कॅज्युअल्टीत सेप्सिसची चाळणी: क्यूसोफा की न्यूज-२?

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातील रुग्णालयात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या) चाळणीसाठी, म्हणजे असे रुग्ण लवकर हेरण्यासाठी, परिचारिकांच्या हाती कोणता तक्ता द्यावा, हे ठरवताना पहिला विचार मनुष्यबळाचा होतो आणि तिथे क्यूसोफा हा तीनच निकषांचा तक्ता उजवा ठरतो. श्वासाचा वेग २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा कमी आणि भान बिघडलेले. तिन्हींपैकी दोन जुळले की डॉक्टरांना बोलवायचे. न्यूज-२ या दुसऱ्या तक्त्यात सात नोंदी, प्रत्येकीला गुण आणि वर त्यांची बेरीज, जी रात्रपाळीला एकट्या सिस्टरला नकोशी वाटते.

दोन्ही तक्ते वापरल्यावर मला खटकला तो भानाचा रकाना. आमच्याकडच्या बऱ्याच सिस्टर कन्नड किंवा मल्याळम बोलणाऱ्या असतात आणि खानापूरच्या खेड्यातून आलेल्या आजींना मराठीखेरीज काही येत नाही. तापाच्या ग्लानीत आजी पुटपुटू लागल्या, की त्या बरळत आहेत की आपल्यालाच त्यांचे बोलणे कळत नाही, हे सिस्टरला ठरवता येत नाही आणि रकान्यात ‘भानावर’ असे लिहिले जाते. तीनच निकषांच्या तक्त्यात एक असा निकामी झाला, तर उरते काय?

समजा, आजींचा श्वास २४, नाडी १२४, ऑक्सिजन ९४, रक्तदाब १०४ आणि ताप १०१.५ आहे. भान ठीक धरले, तर क्यूसोफाचा गुण येतो अवघा १. न्यूज-२ ची बेरीज मात्र ७ होते, म्हणजे तातडीने डॉक्टर हवेत. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या सेप्सिसविषयीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनीही क्यूसोफा ही एकमेव चाळणी म्हणून वापरू नये, असेच म्हटले आहे.

न्यूज-२ निर्दोष आहे असे नाही. सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ते नाही. मूळ तक्ता सेल्सिअसमध्ये असल्याने आपल्या थर्मामीटरसाठी फॅरनहाइटचे आकडे छापून घ्यावे लागतात. श्वास न मोजता सर्रास ‘२०’ लिहिण्याची खोड तर दोन्हीकडे सारखीच नडते.

जिथे मॉनिटर नाही, नुसते रक्तदाबाचे यंत्र आहे, तिथे क्यूसोफा हाताशी असणे काहीच नसण्यापेक्षा बरे. पल्स ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर असेल, तर बेरजेचा कंटाळा सोसून न्यूज-२ घ्यावे, असे मला वाटते. त्याच्या भानाच्या रकान्याखाली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, नातेवाइकांना विचारायचा एक प्रश्न मात्र छापून घ्यावा: ‘या रोज अशाच बोलतात का?’