सोसायटीसाठी घेतलेले रबरी स्पीडब्रेकर: माल चांगला, फिटिंगच्या नावाने बोंब

आमच्याकडे गेटपासून बेसमेंटच्या रॅम्पपर्यंत एकच सरळ रस्ता आहे, त्यामुळे रॅम्पवरून गाडी वर आली की लोकं तिथूनच पाय दाबतात आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर पोरं सायकली फिरवत असतात. बोर्ड लावले, वॉचमनने शिट्ट्या मारून झाल्या, शेवटी कमिटीने हे ब्रेकर मागवले.

अर्ध्या अर्ध्या मीटरचे काळे-पिवळे तुकडे येतात, रुंदी साधारण 35 सेंमी. उंची 5 किंवा 7.5 सेंमी. दुकानदार 7.5 वालाच गळ्यात मारत होता, पण पाच माणसं बसलेल्या सेडानचं पोट त्याला घासतं, आणि पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रिक्षातून त्यावरून आणून बघा एकदा. आम्ही 5 चा घेतला आणि पुरतो, कारण हा प्रकार मुळात अरुंद असल्यामुळे दणका चांगलाच बसतो. सार्वजनिक रस्त्यांसाठी आयआरसीने (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था) सांगितलेला ब्रेकर 10 सेंमी उंच असला तरी तब्बल 3.7 मीटर रुंद असतो, तो 25 च्या स्पीडने आरामात पार होतो. आत आपल्याला 10 चा स्पीड हवाय, म्हणून हाच बरा.

आता फिटिंग. आमचा रस्ता पेव्हर ब्लॉकचा. त्यांच्या माणसाने सरळ ब्लॉकमध्येच ड्रिल मारून बोल्ट ठोकले आणि गेला. थोड्याच दिवसात ब्लॉक हलायला लागले, एक तुकडा निघाला आणि बोल्टचं डोकं वर, म्हणजे टायरची वाट. वर गाडी गेली की खडखड, पहिल्या मजल्यावरचे काका रोज सेक्रेटरींना फोन. मग ब्लॉक उपटून खाली काँक्रीटची पट्टी ओतली, ती नीट सुकू दिली आणि त्यात परत बसवले, तेव्हापासून हललेले नाहीत. कोटेशनमध्येच हे लिहून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत कोणी.

कारवाले वठणीवर आले. टू-व्हीलरवाले मात्र पावसाच्या पाण्यासाठी कडेला सोडलेल्या फटीतून जायचे, तिथे आता एक बोलार्ड (छोटा खांब) उभा केलाय, पाणीही जातं आणि स्कूटर अडते.

अल्पवयीन पोरं स्कूटर चालवतात त्यांचं काय, तर ब्रेकरने काही होत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ मध्ये पालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे, हे ग्रुपवर टाकलं तर एका वकील साहेबांनी लगेच लिहिलं की गेटच्या आतला रस्ता सार्वजनिक जागा नाही. असेल, पण पोरगं गेटबाहेर पण तीच स्कूटर घेऊन जातंय ना?

मालाला 4 स्टार, फिटिंगला 1. रात्री रिफ्लेक्टर छान चमकतात, टोकाची एक कॅप मात्र निघून गेलीये आणि ती सुटी मिळत नाही म्हणे.