पुस्तक छापून देतो, रिव्ह्यूही आणून देतो: ६८,४४० रुपयांची फसवणूक

लाज वाटत होती म्हणून इतके महिने गप्प होते. पण पैसे घेऊन माझं पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाची परवा नवी जाहिरात दिसली. तेच 'नवोदित लेखकांसाठी सुवर्णसंधी', तीच हसऱ्या चेहऱ्यांची चौकट, आणि खाली आमच्याच वाचक गटातल्या एका ताईंनी 'मला माहिती पाठवा' असं लिहिलेलं. आता गप्प बसणार नाही.

आधी आकडे सांगते. प्रकाशन पॅकेज २४,०००. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५००. कॉपीराइट नोंदणीचे ५,०००. 'डिजिटल प्रमोशन' १८,०००, त्यात पंचवीस रिव्ह्यू आणि दहा रील. पुढे एका साहित्य पुरस्काराच्या नामांकनाचे ७,५००. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून १०,४४०. एकूण ६८,४४० रुपये, आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नाही. बदल्यात ठरलेल्या ५०० प्रतींपैकी ६० आल्या. त्यांतल्या बऱ्याच प्रतींत ४९ ते ६४ पानांचा फॉर्म, म्हणजे एकत्र छापलेला गठ्ठा, दोनदा बांधलेला आणि ६५ ते ८० पानं गायब. माझी सगळ्यात जीव लावून लिहिलेली कथा त्याच पानांत होती.

'पैसे देऊन पुस्तक काढायचंच कशाला' असं म्हणणारे भेटतीलच, म्हणून सांगते. नावाजलेल्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवून पाहिलं होतं. नकार आला असता तरी चाललं असतं, साधी पोचसुद्धा आली नाही. आयुष्यभर शाळेत मुलांचे निबंध तपासले, निवृत्तीनंतर स्वतःचं लिहिलं, ते पुस्तकरूपात यावं असं वाटण्यात गैर काय? स्वखर्चाने पुस्तक काढणं मराठीत काही आजचं नाही. आणि पैसे माझे होते, भिशीचे. त्या माणसाने माझ्या कथासंग्रहातल्या दोन कथांवर इतकं नेमकं बोलून दाखवलं की कुणालाही वाटलं असतं, याने वाचलंय. त्याने फक्त मी नमुन्याला पाठवलेल्या दोनच कथा वाचल्या होत्या, हे नंतर कळलं.

आयएसबीएनचं ऐका. आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे, आणि लेखकाला स्वतःलाही ऑनलाइन अर्ज करता येतो. मी ३,५०० मोजले. माझ्या मलपृष्ठावरचा क्रमांक शोधून पाहिला तर तो कुणाच्या तरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाचा निघाला. कॉपीराइटचंही तेच. लिहून झालं की हक्क आपोआप तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. मला सोनेरी कडेचं एक प्रमाणपत्र मिळालं, त्यावर सही त्याच माणसाची! सरकारी अर्जाचा डायरी क्रमांक मागितला, तेव्हापासून माझे मेसेज वाचले जातात आणि उत्तर येत नाही.

आता जिथे कळायला हवं होतं ती गोष्ट. दुसरं प्रूफ, म्हणजे छपाईआधी चुका तपासायची प्रत, माझ्या टेबलावर होतं. लाल पेनाने वेलांट्या दुरुस्त करत बसले होते आणि फोनवर त्याचा मेसेज आला, 'ताई, अभिनंदन! रिव्ह्यू सुरू झाले!' उघडून पाहिलं तर पाच-पाच तारे. एकाने लिहिलं होतं, 'शेवटचं प्रकरण वाचताना डोळ्यांत पाणी आलं.' प्रकरण? माझा कथासंग्रह आहे. आणि त्याची छापून झालेली एकही प्रत तेव्हा जगात नव्हती, प्रूफ माझ्या हातात होतं. मी लगेच फोन करून विचारलं, न छापलेलं पुस्तक यांनी वाचलं कसं? तो म्हणाला, 'ताई, ही प्री-लाँच प्रोसेस असते, सगळे मोठे लेखक असंच करतात, अल्गोरिदमला लागतं.' अल्गोरिदम म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाने पुढे काय बोलायचं? त्याच फोनमध्ये त्याने पुरस्काराचं सांगितलं, नामांकनाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती म्हणे, आणि ७,५०० पाठवले गेले. तो फोन आठवला की अजून झोप लागत नाही. प्रश्न मी बरोबर विचारला होता. उत्तर खोटं मिळालं.

नंतर एका मैत्रिणीच्या कवितासंग्रहाखाली तोच रिव्ह्यू दिसला, तेच शेवटचं प्रकरण, तेच पाणी. कवितासंग्रहाला प्रकरण!

मी लेखी पैसे परत मागितले आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या पुस्तकावर एक-एक तारा पडायला लागला. 'टाकाऊ', 'भाषा शाळकरी'. आधी स्तुती करणाऱ्यांतलीच दोन खाती त्यात होती. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये एका नवोदित लेखिकेने खोट्या खात्यांवरून इतर लेखकांना गुडरीड्स या पुस्तकांच्या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक-एक तारा दिल्याचं उघड झालं, तेव्हा तिच्या प्रकाशकाने तिचं येऊ घातलेलं पुस्तकच रद्द केलं. आपल्याकडे असं करणारा दुसऱ्या दिवशी वाचनसंस्कृतीवर रील टाकतो.

आणि ते रीलवाले. दहापैकी चार आले. पुस्तक हातात धरून, पानं फडफडवून, मागे फुलदाणी ठेवून. 'पैसे घेतले आहेत' असं एकानेही लिहिलं नाही. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याची स्पष्ट सूचना आहे की पैसे, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर ते ठळक सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. त्यातल्या एका मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, 'मॅम, पुस्तकांत कोण डिस्क्लोज करतं?' तिच्यावर विश्वास ठेवून अडीचशे रुपये घालणारा वाचक इथे फसतो, आणि त्या फसवणुकीचे पैसे माझ्याकडून घेतलेले असतात. हे मला जास्त झोंबतं.

पोलीस ठाण्यात गेले. 'पुस्तक छापून मिळालं ना? मग फसवणूक कसली?' मी पानं गायब असलेली प्रत टेबलावर ठेवली, साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही. 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.' सायबर कक्षाने सांगितलं, माणूस ओळखीचा आहे, नाव-पत्ता आहे, मग हे सायबर कसं? परत ठाण्यात आले तर म्हणे तो दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे तक्रार द्या. हद्दीबाहेरचा गुन्हाही कुठल्याही ठाण्याने नोंदवायचा असतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. मी कागदावर लिहून नेलं होतं. फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेतलं ३१८ आहे, तेही लिहिलं होतं. समोरचे म्हणाले, 'बाई, तुम्ही वकील आहात का?' नाही, मी शिक्षिका होते, आणि कायदा वाचून येणाऱ्या नागरिकाशी असं बोलायचं नसतं एवढं मला कळतं. माझा अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस रजेवर. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मुलाच्या नोकरीच्या फसवणुकीचा असाच अर्ज धरून बसले होते, सकाळपासून. चोराला पकडायचं नसेल तर नका पकडू, पण तक्रारदाराला चोरासारखं बसवून ठेवायचा अधिकार कुणी दिला? ह्यांना तर तिथेच रक्तदाब वाढल्यासारखं झालं, म्हणून घरी आलो. रिव्ह्यू जिथे आहेत तिथेही कळवलं. तयार मजकुराचं उत्तर आलं की आमच्या धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. छापण्याआधीचे रिव्ह्यू, तरी उल्लंघन नाही!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, उद्यावर ढकलू नका.

आयएसबीएनचे पैसे मागणाऱ्याला तिथेच थांबवा. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा क्रमांक स्वतः शोधून बघा. भारतातला असेल तर सुरुवात ९७८-८१ किंवा ९७८-९३ अशी असते. पुरस्काराला नामांकन फी असेल तर तो पुरस्कार नाही, विक्री आहे. करारात प्रतींची संख्या, पानांची संख्या आणि बदलून देण्याची अट नसेल तर सही करू नका. आधीच्या लेखकांचे नंबर त्याच्याकडून घेऊ नका, पुस्तकं बघून तुम्ही शोधा. मी त्याच्याकडून घेतले होते, तिघांनीही स्तुती केली, तिघांपैकी एक त्याची मेहुणी.

आणि स्क्रीनशॉट काढा, तारीख दिसेल असे, आजच. माझ्या पुस्तकावरचे प्रूफच्या दिवसाचे ते पाच तारे तक्रार केल्यावर पुसले गेले. माझ्याकडे त्यांतल्या फक्त दोन रिव्ह्यूंचे फोटो आहेत, आणि आयोगापुढे तेवढेच ठेवता येणार आहेत.