मूळ पॅक-मॅन आणि एम्युलेशन कॅबिनेट: दोन्ही शेजारी ठेवून काही महिने वापरल्यावर

ज्यांना निकाल आधी हवा असतो त्यांच्यासाठी: जुन्या आर्केड मशीनच्या आतला बोर्ड खरा की एम्युलेटर (त्या बोर्डाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), यावर लोक जेवढे हमरीतुमरीवर येतात तेवढा फरक त्याने पडत नाही. फरक पडतो तो पडद्याने आणि जॉयस्टिकने. पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे, मध्ये थोडी कुरकुरही आहे.

माझ्याकडचं एक मशीन म्हणजे १९८० सालचं पॅक-मॅनचं आर्केड कॅबिनेट. मूळ बोर्ड, १९ इंची सीआरटी (जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा पडदा), चार दिशांची काठी म्हणजे जॉयस्टिक. दुसरं पूर्ण उंचीचं एम्युलेशन कॅबिनेट. आत साधा पीसी, त्यावर मेम हा एम्युलेटर, समोर एलसीडी, दोन जॉयस्टिक आणि प्रत्येकी सहा बटणं. दोन्ही एकाच भिंतीला लागून उभी आहेत, त्यामुळे एकावर डाव संपला की दोन पावलांवर दुसऱ्यावर तोच खेळ चालू करता येतो. आठवणीवर विसंबून 'तेव्हाची मजाच वेगळी' म्हणायला वाव राहत नाही.

आधी एम्युलेटरच्या बाजूने बोलतो, कारण संग्राहकांच्या गप्पांत त्याला फुकट शिव्या बसतात. पॅक-मॅनमधली भूतं नशिबावर चालत नाहीत. तुम्ही प्रत्येक वेळी तीच वळणं अगदी त्याच क्षणी घेतलीत, तर भूतंही प्रत्येक वेळी त्याच वाटेने येतात. म्हणून तर जुने खेळाडू वाटा पाठ करतात. मूळ मशीनवर पाठ केलेली वाट मेमवर चालवून बघणं ही माझ्या मते सगळ्यात कडक परीक्षा, आणि ती वाट चालते. शेवटच्या ठिपक्यापर्यंत चालते. २५६व्या लेव्हलला मोजणीचा आठ बिटांचा आकडा ओसंडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. तो बिघाडसुद्धा मेममध्ये जसाच्या तसा आहे, आणि तो कोणी मुद्दाम घातलेला नाही. मेम खेळाची नक्कल करतच नाही. तो ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या झेड-८० प्रोसेसरची आणि त्याच्या आजूबाजूच्या चिपांची नक्कल करतो, आणि त्यावर रॉममधला, म्हणजे खेळ साठवलेल्या चिपांमधला, मूळ प्रोग्राम चालतो. निकोला साल्मोरियाने हे काम १९९७ मध्ये जगापुढे आणलं. तेव्हापासून या प्रकल्पाची भूमिका हीच राहिली आहे की हार्डवेअर कसं चालत होतं याची नोंद ठेवणं हा मुख्य हेतू, खेळता येतं हा वरचा फायदा.

मग 'एम्युलेटरवर पॅक-मॅन नीट वळत नाही' ही तक्रार खोटी आहे का? नाही, वळत नाहीच. पण तो दोष काठीचा आहे.

पॅक-मॅनच्या मूळ काठीला चारच दिशा आहेत. बहुतेक एम्युलेशन कॅबिनेटवर आठ दिशांची असते, कारण मारामारीच्या खेळांना तिरक्या दिशा लागतात. वळणाजवळ येताना हात जरा आधीच वर झुकतो, उजवा आणि वरचा असे दोन्ही स्विच एकदम लागतात, आणि नेमकं कुठे जायचं हे खेळाला कळत नाही. गल्ली हुकते, मागून लाल भूत येतं, डाव खलास. जपानी पद्धतीच्या बऱ्याच काठ्यांना तळाशी एक गेट प्लेट असते. ती काढून फिरवून बसवली की तिरक्या दिशा बंद होतात. हे केल्यावर माझ्या एम्युलेशन कॅबिनेटवरचा पॅक-मॅन एका संध्याकाळीत सुधारला. सॉफ्टवेअरला हातही लावला नव्हता. अर्थात त्याच काठीवर मग स्ट्रीट फायटर २ मधला आगीचा गोळा निघेना, त्याला तिरकी दिशा लागते. शेवटी पॅनलच्या मधोमध तिसरी काठी बसवली, फक्त चार दिशांची. दिसायला ते पॅनल विमानाच्या कॉकपिटसारखं झालं आहे आणि माझे संग्राहक मित्र त्यावरून यथेच्छ चिडवतात. चिडवोत. डाँकी काँगची शिडी एका झटक्यात पकडता येते, मला तेवढं पुरे.

आता पडदा. इथे मात्र मूळ मशीनपुढे माझ्या एलसीडीने सपशेल हात टेकले.

पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग हे सगळे उभ्या पडद्याचे खेळ. मूळ कॅबिनेटमध्ये सीआरटी ९० अंशांत वळवून कुशीवर बसवलेली असते, म्हणजे चित्र उभं दिसतं. तेच चित्र आडव्या १६:९ एलसीडीवर आणलं की रुंदीचा जेमतेम ४२ टक्के भाग वापरला जातो, बाकी काळ्या पट्ट्या. एवढा मोठा पडदा घेऊन मधल्या चिंचोळ्या पट्टीत खेळायचं. पट्ट्यांच्या जागी सजावटीची चित्रं टाकायची सोय असते, पण त्याने पट्टी रुंद होत नाही.

दुसरी भानगड वेगाची. पॅक-मॅनचं चित्र सेकंदाला ६०.६ वेळा बदलतं. मॉर्टल कॉम्बॅट ५४.७ वर चालतं, आर-टाइप ५५ वर. साधा एलसीडी ६०वर अडून बसतो. मग एकतर खेळाचा वेग किंचित बदलायचा, नाहीतर मधूनच चित्राला हिसका बसू द्यायचा. पॅक-मॅनमध्ये एखाद्या टक्क्याचा फरक कळतही नाही. पण आर-टाइपमध्ये पार्श्वभूमी सरकत असते, तिथे तो हिसका एकदा डोळ्यांत भरला की पुन्हा नजरेआड करता येत नाही. काही महिन्यांनी मी बदलत्या रिफ्रेश रेटचा, म्हणजे खेळाच्या वेगानुसार चित्र बदलणारा, मॉनिटर बसवला आणि हा त्रास मुळापासून गेला. नवीन कॅबिनेट बांधणाऱ्यांनी प्रोसेसरवर खर्च करण्याआधी इथे करावा. मेमला या जुन्या खेळांसाठी फार ताकद लागत नाही.

रंगांचं आणि चमकीचं काय? सीआरटीवर पॅक-मॅनचा पिवळा रंग आतून पेटल्यासारखा दिसतो, आणि २२४ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र असूनही कडा खडबडीत वाटत नाहीत. एलसीडीवर तेच ठिपके चौकोनी विटांसारखे उठून दिसतात. सीआरटीच्या आडव्या रेघांचा (स्कॅनलाइन) आणि चमकत्या फॉस्फरचा भास देणारे शेडर, म्हणजे चित्रावर चढवायचे सॉफ्टवेअर फिल्टर, आता खूपच चांगले आहेत. चांगल्या ४के पडद्यावर लांबून बघितलं तर मीही फसतो. हातभर अंतरावर उभं राहून खेळताना मात्र फसत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: माझ्या सीआरटीच्या काचेत पॅक-मॅनचा चक्रव्यूह कायमचा भाजलेला आहे. मशीन बंद असतानाही तो दिसतो. वर्षानुवर्षं तेच चित्र दाखवल्याचा परिणाम.

व्हेक्टर खेळांबाबत, म्हणजे ज्यांचं चित्र नुसत्या रेघांचं असतं त्यांच्याबाबत, तर वादच नको. एका मित्राकडे १९७९ चं अ‍ॅस्टरॉइड्स आहे. त्याच्या पडद्यावर ओळींचं जाळं नसतंच, इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेघा ओढतो. गोळी म्हणजे एक ठिपका, पण अंधाऱ्या खोलीत तो ठिणगीसारखा टोचतो आणि मागे विरत जाणारी शेपटी सोडतो. मेम रेघा अचूक त्याच ठिकाणी काढतो, पण एलसीडीचा पांढरा रंग ठरावीक पातळीच्या वर जात नाही. इथे मी मूळ मशीनवाल्यांच्या बाजूने, बिनशर्त. फक्त ते व्हेक्टर मॉनिटर दुरुस्त करणारा माणूस आधी शोधून ठेवा.

लॅगबद्दल, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतच्या विलंबाबद्दल, लोक फार बोलतात, मी थोडक्यात उरकतो. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्हीचं चित्र 'सुधारण्याचं' तंत्र चालू राहिलं तर त्यातच कित्येक फ्रेम उडतात, म्हणून गेम मोड लावा. बटणांचा यूएसबी बोर्ड नावाने 'शून्य विलंब'वाला असला म्हणून तसा असतोच असं नाही. हे दोन्ही आटोक्यात आणल्यावर मला पॅक-मॅनमध्ये फरक जाणवत नाही, मारामारीच्या खेळांत अगदी पुसटसा जाणवतो.

काही गोष्टी मात्र कुठल्याही फाइलमध्ये मावत नाहीत. क्यूबर्टच्या १९८२ च्या कॅबिनेटमध्ये एक सोलेनॉइड (विजेवर दांडा पुढे ढकलणारं वेटोळं) आहे. क्यूबर्ट पिरॅमिडवरून खाली पडला की तो आतून लाकडावर ठोका देतो, आणि तो ठोका कानाआधी तळहाताला कळतो. स्पेस इन्व्हेडर्सच्या उभ्या कॅबिनेटमध्ये मॉनिटर कृष्णधवल. रंग दिसतात ते पारदर्शक रंगीत पट्ट्यांमुळे, आणि चित्र आरशातून परावर्तित होऊन चंद्राच्या देखाव्यावर तरंगतं. त्याचे आवाजसुद्धा प्रोग्राममध्ये नव्हते, अ‍ॅनालॉग सर्किटमधून निघायचे, त्यामुळे एम्युलेटरवाल्यांना बरीच वर्षं ध्वनिमुद्रित नमुन्यांवर भागवावं लागलं.

आता मूळ मशीन बाळगण्याचं दुसरं अंग. एम्युलेशन कॅबिनेट मी एकदा बांधलं आणि विसरलो. पॅक-मॅन विसरू देत नाही. पॅक-मॅनच्या बोर्डावर वीज एसी स्वरूपातच येते आणि तिची डीसी करण्याचं काम बोर्डावरच होतं, त्यामुळे बोर्डाच्या कडेवरच्या जोडणीची (एज कनेक्टर) टोकं तापून काळी पडतात. मग मशीन मध्येच रीसेट होतं. मॉनिटरचे जुने कपॅसिटर वाळले की चित्र आकसतं, वाकतं. आणि बंद सीआरटीतही हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. ज्यांना ते उतरवता येत नाहीत त्यांनी मागचं झाकण उघडू नये, एवढी एक सूचना मी हात जोडून करतो.

मध्यंतरी माझ्याकडे भूतं फाटकी दिसायला लागली. अर्धं डोकं गायब, खाली रंगीत ठिगळं. चक्रव्यूह, ठिपके, आकडे मात्र ठणठणीत. पॅक-मॅनची चित्रं दोन चिपांत असतात: ५ई या जागेवरच्या चिपमध्ये अक्षरं आणि चक्रव्यूहाचे तुकडे, ५एफमध्ये हलणाऱ्या आकृत्या. म्हणजे संशयित एकच. ५एफ सॉकेटमधून काढली, रीडरवर वाचली, बेरीज (चेकसम, म्हणजे आतला मजकूर बरोबर आहे का हे तपासायचा आकडा) जुळेना. नवी चिप लिहून बसवली आणि चारही भूतं धडधाकट परत आली. आता गंमत बघा: जुळवायला बेरीज कुठून आणली? मेमच्या यादीतून. कोणत्या चिपमध्ये काय असतं हे कुठे वाचलं? मेमच्या सोर्स कोडमध्ये. 'एम्युलेटर म्हणजे पाप' म्हणणारे कट्टर संग्राहकसुद्धा बोर्ड बिघडला की गुपचूप तिथेच जातात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

'खरा बोर्ड कायम टिकतो' हाही एक भाबडा समज आहे. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांवर खेळ उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जपलेल्या मेमरीत असायची. बॅटरी मेली की किल्ली गेली, आणि सगळ्या चिपा शाबूत असूनही खेळ बंद. संग्राहक त्याला आत्महत्येची बॅटरी म्हणतात. ते कूटलेखन २००७ मध्ये फुटलं, त्यातही साल्मोरियाचा हात होता. आज मेलेले सीपीएस-२ बोर्ड पुन्हा उठवता येतात ते एम्युलेशनच्या आणि हौशी संशोधकांच्या कामामुळे.

विक्रमांचा मुद्दा वेगळा, तिथे मी मूळ बोर्डाच्या आग्रहाला मान देतो. २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने डाँकी काँगचे काही गाजलेले स्कोअर काढून टाकले. खेळाच्या चित्रफितींत पडदा बदलताना गर्डर ज्या क्रमाने उमटतात तो क्रम मूळ बोर्डाशी जुळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये तडजोड झाली. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण मेमवरचा स्कोअर वेगळ्या रकान्यात लिहावा हे रास्तच आहे, कारण मेमवर खेळ थांबवता येतो, जतन करून मागे येता येतं. घरी खेळताना याच गोष्टी सोयीच्या, शर्यतीत त्याच अडचणीच्या.

हजारो खेळांच्या यादीबद्दल एकच सांगतो: ती कापा. मी कापली तेव्हापासून कॅबिनेटवर खेळणं होतं, आधी नुसतं यादी सरकवणं व्हायचं. रॉमच्या हक्कांचा प्रश्नही आहेच. बहुतेक खेळ आजही कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे आहेत, रॉबी रोटोसारखे मोजकेच हक्कदारांनी बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोकळे केले आहेत.

शेवटी ज्या विषयावर संग्राहक खरोखर संतापतात तो, आणि त्यांचा संताप मला पूर्ण पटतो. बंद पडलेलं मूळ कॅबिनेट मिळालं की काही जण आतलं सगळं उपटून फेकतात आणि पीसी बसवतात. एम्युलेशनसाठी नवीन लाकडाची पेटी हवी तेवढी कापून मिळते, ते मूळ कॅबिनेट आणि ती सीआरटी पुन्हा कोणी बनवणार नाही. करायचंच असेल तर परत काढता येईल असं करा. मूळ वायरिंग हार्नेस (आतल्या तारांचा जुडगा) कापू नका, त्याला जोडणारा अ‍ॅडॉप्टर लावा. १९८५ नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये ५६ पिनांचं जामा हे प्रमाणित कनेक्शन असतं, तिथे तर हे फारच सोपं. सीआरटी काढू नका, जुन्या सीआरटीला लागणारा १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देणारी सोय पीसीवरही होते, आणि तेव्हा मेम इतका मूळ मशीनसारखा दिसतो की मागचं दार उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही. जास्तीची बटणं हवी असतील तर मूळ कंट्रोल पॅनलला भोकं न पाडता दुसरं पॅनल करून घ्या. आणि काढलेला बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर कोणत्या मशीनचा ते लिहून, त्याच कॅबिनेटच्या तळाशी ठेवून द्या.