‘ईएलजी’ हे कारखानदाराचं नाव नव्हे: बेल्जियन रिव्हॉल्व्हर ओळखताना यादी आधी की ठसे आधी?

बेल्जियममधल्या लिएज शहरात बनलेलं जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं की कारखानदार शोधायला दोन वाटा असतात. एक म्हणजे दिसतील ती आद्याक्षरं कारखानदारांच्या यादीत धुंडाळायची. दुसरी, आधी चाचणीगृहाचे, म्हणजे विक्रीआधी हत्यार डागून तपासणाऱ्या संस्थेचे ठसे (‘ईएलजी’ हा त्यातलाच एक) वाचून काळ ठरवायचा आणि मगच नावाच्या मागे लागायचं. मी दोन्ही वाटांनी गेलोय.

बड्या घराण्यांपुरती यादी झटपट काम करते, हे कबूल करायलाच हवं. मुकुटाखाली ‘एएफ’ असेल तर ऑग्युस्त फ्रांकोत, घोडेस्वार असेल तर पीपर कारखान्याचा ‘बायार’ छाप. ‘एल. नागां’ तर पूर्ण नावच लिहितो. तिथे ठशांचा कीस काढायची गरज नाही.

माझं घोडं अडलं ते एका ‘बुलडॉग’ नमुन्याच्या आखूड रिव्हॉल्व्हरपाशी. जुन्या हत्यारांच्या बाजारात विक्रेत्याने फ्रेमवरचा बारीक तारा आणि त्याखालचं ‘एफ’ दाखवलं, “फ्रांकोत” म्हणाला, आणि मी त्या नावाचे जादा पैसे मोजले. घरी ठशात खडूची भुकटी भरून भिंगातून पाहिलं. ‘एफ’ होताच, पण ताऱ्याखालचं एकटं अक्षर चाचणीगृहातल्या तपासनिसाचं असतं, कारखानदाराचं नव्हे. ही ताऱ्याची पद्धत १८७७ पासूनची, त्याआधी अक्षरावर मुकुट असायचा. सिलिंडरवरच्या लंबगोलातल्या ‘ईएलजी’वर मात्र मुकुट नव्हता, आणि तिथे मुकुट आला १८९३ मध्ये. म्हणजे नग या दोन सालांमधला. नाव हुकलं, पण सोळा वर्षांची चौकट तरी हाती आली. (‘ईएलजी’लाच कारखानदार समजून विकणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, भाव पाडून घ्यावा.)

वरच्या पट्टीवर ‘ब्रिटिश बुलडॉग’ असं ठसठशीत कोरलेलं होतं. त्याचा उपयोग शून्य. वेब्ली या इंग्लिश कारखान्याने हा नमुना १८७२ मध्ये आणला आणि लिएजवाल्यांनी त्याच्या नकला नावासकट बाजारात ओतल्या.

मग मुठीच्या लाकडी फळ्या काढल्या. (खाचेत चपखल बसणारा पेचकसच वापरा, नाहीतर स्क्रूचं डोकं जातं.) आत आद्याक्षरांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या! यादी उघडली, तर एकीला तीन नावं जुळत होती, दुसरीला एकही नाही. यादीवरून मन उडालं ते इथेच. लिएजमध्ये एका रिव्हॉल्व्हरला अनेकांचे हात लागायचे: नळ्या बऱ्याचदा वेस्द्र नदीच्या खोऱ्यातल्या, कितीतरी भाग घरी काम करणाऱ्या कारागिरांचे, आणि कारखानदार ते जुळवून विकणार. आत दडलेली अक्षरं पुष्कळदा त्या कारागिराची निघतात. यादीला हा फरक कळत नाही, ती विचाराल त्या अक्षरांना काही ना काही नाव चिकटवून देते.

ठशांची वाट रटाळ आहे आणि कधीकधी नावापर्यंत पोचतच नाही. ज्यांना भिंतीवर टांगायला एक ‘नागां’ हवा आहे, त्यांनी खुशाल यादीवर भागवावं. पण नाव नसलेल्या नगाला हात घालणार असाल, तर मी आपला आधी ठसे बघा म्हणेन. निदान १८९० च्या नगाला १८६० मध्येच दुकान बंद केलेला कारखानदार चिकटवण्याची नामुष्की टळते.

माझ्या बुलडॉगच्या पेटीत सध्या एक चिठ्ठी आहे: ‘लिएज, १८७७ ते १८९३, कारखानदार अज्ञात.’ ‘फ्रांकोत’ लिहिलेली पावतीही तिच्याखालीच ठेवलीय.