टीकेइंटरमध्ये आकडे उजवीकडे नेताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रावेरला केळीची खरेदी करणाऱ्या माझ्या मेहुण्यांच्या काटापावतीचा एक छोटा प्रोग्रॅम मी गेल्या आठ महिन्यांपासून सांभाळत आहे. तो पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत असून त्याच्या सगळ्या खिडक्या टीकेइंटरने, म्हणजे पायथॉनमधल्या खिडक्या आणि बटणे बनवण्याच्या साधनाने, केलेल्या आहेत. दुकानातल्या जुन्या संगणकावरही तो चटकन उघडतो, त्याविषयी तक्रार नाही. वेळ गेला तो आकडे आणि अक्षरे जागच्या जागी बसवण्यात.

एकूण वजनाचा आकडा उजव्या कडेला हवा होता, म्हणून त्या लेबलला (खिडकीत मजकूर दाखवणाऱ्या चौकटीला) मी जस्टिफाय राइट ही मांडणीची सूचना दिली. आकडा जागचा हलला नाही आणि प्रोग्रॅमने चूकही दाखवली नाही. लेबलच्या बाबतीत जस्टिफाय फक्त अनेक ओळींची आपसातली मांडणी ठरवते; चौकटीत मजकूर कोणत्या बाजूला टेकवायचा हे अँकरच्या हाती असते, हे नंतर कळले. अँकर पूर्वेकडे केला (येथे उजवीकडे म्हणजे पूर्व, हे मुनीमजींना फार आवडले) तरीही आकडा तिथेच, कारण लेबलची रुंदी मजकुराएवढीच होती आणि अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यात सरकायला जागा नसते. ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-स्तंभांच्या मांडणीत, स्टिकीला (चौकट कोणत्या कडांना चिकटवायची त्या सूचनेला) पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही दिशा देऊन त्या स्तंभाचे वेट, म्हणजे मोकळ्या जागेतला वाटा, १ केले, तेव्हा कुठे लेबल ताणले गेले आणि आकडा कडेला जाऊन भिडला. तेव्हापासून मजकूर सरकत नसेल तर मी आधी लेबलला तात्पुरता पिवळा रंग देऊन त्याची खरी रुंदी पाहतो.

एंट्रीमध्ये, म्हणजे एका ओळीचा मजकूर टाइप करण्याच्या चौकटीत, मात्र हेच जस्टिफाय एकाच ओळीला उजवीकडे नेते. एकाच नावाचे असे दोन अर्थ ठेवणे मला आजही पटत नाही. शिवाय दिसायला बरे म्हणून साधी लेबले बदलून टीटीकेची (टीकेइंटरमधल्याच नव्या रूपाच्या संचाची) घेतली, तेव्हा मध्यभागी असलेली सगळी शीर्षके डावीकडे गेली, कारण दोन्हींचा मूळ अँकर वेगळा आहे.

पावतीचा नमुना टेक्स्ट विजेटमध्ये, म्हणजे अनेक ओळींच्या मजकुराच्या चौकटीत, दिसतो. तेथे मांडणी टॅगमधून, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला लावलेल्या खुणेतून, द्यावी लागते आणि ओळीच्या पहिल्या अक्षराला लागलेला टॅगच विचारात घेतला जातो. मी तो ओळीच्या मधल्या शब्दाला लावून अर्धा दिवस घालवला.

दिवसभराच्या पावत्यांच्या यादीसाठी ट्रीव्ह्यू, म्हणजे स्तंभांचा तक्ता दाखवणारा घटक, वापरला आहे. त्यात स्तंभाचा आणि त्याच्या शीर्षकाचा अँकर वेगवेगळा द्यावा लागतो, नाहीतर वजने उजवीकडे आणि ‘वजन’ हा शब्द मध्यभागी राहतो. उजवीकडे नेल्यानेही ८४.५ आणि ११२.२५ यांचे दशांश चिन्ह एकाखाली एक येत नाही. प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिला, तेव्हा ते जमले. एका स्तंभाला एकच अँकर मिळत असल्यामुळे रद्द पावतीचा ‘रद्द’ हा शब्दसुद्धा वजनांच्या रांगेत उजवीकडे उभा राहत असे, आणि घाईत मुनीमजींच्या नजरेतून तो निसटत असे. शेवटी त्या शब्दासाठी मी वेगळा अरुंद स्तंभ केला आणि वजनाची जागा रिकामी सोडली.