इअरमफ, ६४० रुपये: चक्कीच्या आवाजाला बरे, आतल्या आवाजांना नाही

आर्वीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून हे काळे-पिवळे इअरमफ घेतले त्याला आठ महिने झाले. दुकानदार म्हणाला, थ्रेशरवाले नेतात. आमच्याकडे थ्रेशर नाही, चक्की आहे. दहा हॉर्सपॉवरची मोटर, लागूनच ओसरी, आणि ओसरीत माझे धाकटे दीर बसलेले असतात. भाऊजींना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे कोणी नसतानाही कानात माणसं बोलतात, नऊ वर्षं झाली. अख्ख्या गावाला माहीत आहे, मग इथे काय लपवायचं.

आधी मफचं सांगते. खोक्यावर २७ डेसिबल लिहिलंय. चक्की बंद पडल्यासारखी वाटत नाही, चार घरं सोडून चालू आहे असं वाटतं. डोक्यावरची पट्टी फार घट्ट होती. दोन रात्री तांदळाच्या डब्यावर ताणून ठेवली तेव्हा जरा सैलावली. मे महिन्यात मात्र हाल. कानाच्या गादीखाली घाम, त्यावर उडतं पीठ, दोन्ही मिळून अक्षरशः कणीक.

घेतले कशासाठी, तर भाऊजी एकदा म्हणाले, "वहिनी, मले समदंच आयकू येते. पंखा, चिमनी, चक्की, तुमी. समदे एकाच आवाजात." ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा मानसोपचाराच्या मॅडम येतात, त्यांना सांगितलं. त्यांनी पेनाने टेबलावर दोनदा टक-टक केलं, मधे अर्धा सेकंद. म्हणाल्या, पहिल्या टकला मेंदू ५० मिलिसेकंदांच्या आसपास विजेची एक बारीक लाट उठवतो. दुसरी टक आली की 'हे ऐकलंय' म्हणून ती लाट दाबतो. या आजारात बऱ्याच जणांची दुसरी लाट नीट दबतच नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९८२ साली हे डोक्याला तारा लावून दाखवलं होतं. मी लगेच विचारलं, आमचीही तपासणी करा ना. तर म्हणाल्या, ती संशोधनात करतात, त्यावरून निदान होत नाही, नागपूरला उगाच पैसे घालवू नका. हे सांगणारे डॉक्टर कमीच.

दुसरी गोष्ट मला चक्कीमुळे चटकन कळली. वरच्या डब्यातले दाणे संपत आले की दगडांचा आवाज बदलतो. मी आत भाकरी थापत असले, लक्ष तिकडे नसलं, तरी उठते. मॅडम म्हणाल्या, एकसारख्या आवाजात एखादा वेगळा आला की मेंदू आपण लक्ष न देताच दचकतो, आणि या आजारात ती दचकच लहान असते. मला धस्स झालं. आजाराच्या आधी चक्की भाऊजीच चालवायचे. पहिल्या वर्षी दोनदा दगड कोरडे घासले गेले, आणि आम्ही सगळे त्यांना आळशी म्हणालो.

गोळ्यांचं म्हणाल तर पहिल्या दोन औषधांनी कानातली शिवीगाळ थोडी कमी झाली, पण भांडं पडलं की अंग चोरणं तसंच. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या गोळ्यांनी ती दुसरी लाट फारशी सुधारत नाही, क्लोझापिनने काहींची सुधारलेली दिसली आहे, आणि ती दचक मात्र कुठल्याच गोळीने फारशी हलत नाही. दोन औषधं वाया गेल्यावर क्लोझापिनच सुरू केलं. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, म्हणजे दर आठवड्याला एसटी. रात्री लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल लागतो. पण शिव्या देणारा तो बाप्या आता आठवड्यातून एखाद्याच वेळी येतो.

बिडीचं सांगायचं राहिलं. निकोटीनने ती लाट थोडा वेळ दबते म्हणे, आणि आम्ही बिडीवरून त्यांना किती बोललो! पण बिडीचा धूर क्लोझापिन शरीरातून लवकर काढून टाकतो. एकदम बिडी सोडली तर तीच गोळी जास्त होते, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. धुराऐवजी खर्रा चालेल का, हे विचारून मी मॅडमचा ओरडा खाल्लाय.

आता चूक माझी. एकदा लाइट गेली, चक्की बंद, घर शांत, आणि मी म्हटलं राहू द्या मफ. पंधरा मिनिटांत भाऊजींनी ते काढून फेकले. बाहेरचं सगळं गेलं तेव्हा आतलेच मोठ्याने बोलायला लागले होते. तेव्हापासून दळण चालू असेल तेवढा वेळच लावतो, आणि पोळ्याला डीजे वाजतो तेव्हा. दिवसभर लावू नका, कान आणखी हळवे होतात असं मॅडमही म्हणाल्या. रस्त्यावर तर नकोच, मागून ट्रॅक्टर आला तर कळणार नाही.

गाद्या सातव्या महिन्यात तडकल्या. सुट्या मिळत नाहीत, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे खोळ शिवलेत, घामही टिपतात. पाचपैकी साडेतीन.