"फक्त बॅटरी टाका, गाडी चालू आहे": वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कॅम्परच्या सौद्यात होणारी फसवणूक

दलाल कॅम्परचं, म्हणजे मागे झोपायची-राहायची सोय केलेल्या गाडीचं, बॉनेट उचलतो, स्वतः आणलेली बॅटरी जोडतो, हीटर प्लग (गार सिलिंडर तापवणारे प्लग) तापायला पंधरा-वीस सेकंद थांबतो आणि सेल्फ मारतो. दोन-तीन झटक्यांत इंजिन पकडतं. थोडा पांढरा धूर येतो, मिनिटभरात विरतो. "सहा वर्षं उभी आहे साहेब, तरी आवाज बघा. फक्त बॅटरी टाका आणि थेट कोकणात काढा." टोकन तिथल्या तिथे दिलं जातं. आठ दिवसांनी तीच गाडी टोचन करून गॅरेजच्या दारात येते आणि नवी कोरी बॅटरी घालूनही ढिम्म हलत नाही.

मधल्या आठ दिवसांत गाडी बिघडलेली नसते. सौद्याच्या दिवशी ती पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनवर चाललेली असते. टाकीकडून येणारी डिझेलची नळी फीड पंपाच्या अलीकडे सोडवायची, तिथे पारदर्शक पाइप लावून कॅनमध्ये सोडायचा आणि कॅन बंपरमागे किंवा इंजिनच्या कव्हरखाली ढकलायचा, एवढंच काम. खरी टाकी गंजलेली असते. तळाशी पाणी, त्यावर काळा चिकट गाळ. उभ्या गाडीच्या अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते. विकणारा निघून गेला की कॅनही जातो, नळी परत टाकीला लागते आणि पहिल्या दहा मिनिटांत गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. मग डिझेलच्या नळीत हवा शिरते (गाडी "एअर घेते"), गाडी बंद पडते.

पाहायला गेल्यावर आवाज ऐकण्याआधी पंपापासून टाकीपर्यंत नळी हाताने चाचपत जावं. परतीची नळीही. मध्ये कुठे ताजा क्लिप, नवा पाइप किंवा चाकूने नुकता कापलेला रबर दिसला तर विचारावं. टाकीचा तळाचा ड्रेन प्लग सैल करून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढावं आणि दहा मिनिटं ठेवावं. पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं. विकणारा ड्रेन प्लगला हात लावू देत नसेल, तर त्याला टाकीत काय आहे ते माहीत आहे.

दुसरी युक्ती त्याहून सोपी. तुम्ही पोहोचायच्या आधी गाडी तासभर चालवून गरम केलेली असते. गरम डिझेल इंजिन थकलेल्या कॉम्प्रेशनवरही पकडतं. जाताच ब्लॉकवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवावा. कोमट लागलं तर चहा पिऊन परत यावं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी जावं. गार इंजिन सुरू झाल्यावरही पाच मिनिटांनी "बघितलंत ना?" म्हणून किल्ली फिरवू देऊ नये. रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट उघडायला इंजिन ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. चोंदलेला रेडिएटर, उडालेली हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, यांमधली पट्टी), खाल्लेला वॉटर पंप हे सगळं त्यानंतर बोलू लागतं. जागेवर किमान ४० मिनिटं चालू ठेवावी, शक्यतो थोडा रेस देऊन.

आपल्याकडे सेकंडहँड मिळणारे जुने कॅम्पर बहुतेक टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेले असतात. १९८७ साली आलेली ही गाडी मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवरून घेतलेली. जुन्या ट्रॅव्हलरमधलं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे मर्सिडीजचं ओएम ६१६ घराणं : चेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं), हीटर प्लगवालं, लाइन पंपाचं (प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका ओळीत असलेला डिझेल पंप). इंजिनचं पुढचं सगळं याच घराण्याबद्दल आहे. ते इतकं सोशिक आहे की खराब अवस्थेतही दोन मिनिटं गोड चालून दाखवतं, आणि दलालाचं निम्मं काम तिथेच होतं.

आता दुसरा घास, गॅरेजवाल्याचा, जो बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा असतो. गाडी घरी आली, सुरू होत नाही. मालक नवखा. कोणीतरी सांगतं, सिलिंडरमध्ये ऑइल ओता, मोकळं होईल. तो हीटर प्लग काढून कपभर ऑइल ओततो, प्लग बसवतो आणि सेल्फ मारतो. हिशोब असा : २.४ लिटर भागिले चार, म्हणजे एका सिलिंडरला ६०० मिली. कॉम्प्रेशन २१ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ३० मिलीच्या आसपास, तीही चेंबर धरून. त्यात ५० मिली ऑइल असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. आतापर्यंत गॅरेजवाल्याचं "इंजिन काम काढावं लागेल" (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागेल) हे खोटं होतं, आता ते खरं झालं. म्हणून गाडी गॅरेजला नेण्याआधी किंवा गॅरेजवाला घरी आल्यावर काय, कुठल्या क्रमाने व्हायला हवं ते माहीत असलेलं बरं.

आधी डिपस्टिक. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं की थांबावं. काळं दिसलं तरी इंजिनचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करावा. आत पाणी असेल तर तेच आधी ठिबकतं, कारण ते तळाशी असतं. पाणी निघालं तर इंजिन फिरवायचंच नाही, हेड उघडावं लागेल. नसेल तर चारही हीटर प्लग काढावेत. इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक सिलिंडरमध्ये फक्त ५ मिली, निम्मं डिझेल निम्मं इंजिन ऑइल. दोन रात्री तसंच. मग गिअर न्यूट्रलला, फॅन बेल्ट काढलेला, आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून समोरून बघता घड्याळाच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे. बेल्ट काढायला विसरू नये. "इंजिन जाम" म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत इंजिन मोकळं असतं आणि जाम असतो तो वॉटर पंप किंवा अल्टरनेटर. कधी तर फक्त सेल्फचा पिनियन (छोटा गिअर) अडकलेला असतो. पाना अडला तर जोर लावू नये, उलट दिशेने थोडा मागे घ्यावा, परत पुढे.

हाताने फिरलं, की प्लग बाहेर ठेवूनच आणि पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून धरून दहा दहा सेकंद सेल्फ मारावा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. तोंड प्लगच्या भोकांसमोर नको, उरलेलं ऑइल फवाऱ्यासारखं येतं. सेल्फ नुसता टक-टक करत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी मीटर लावावा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. पॉलिश पेपर आणि एक नवी पट्टी, एवढंच ते काम. यालाच "सेल्फ जळलाय" म्हणून बिल लागतं.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना हवेचा पाइप काढून ठेवावा आणि हाताशी जाड लाकडी फळी असावी. वर्षानुवर्षं उभ्या पंपात जुन्या डिझेलचा डिंक होतो आणि आतला रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी पट्टी) भरपूर डिझेल सोडण्याच्या जागी अडकतो. अशा वेळी इंजिन सुरू होताच उधळतं, किल्ली फिरवून थांबत नाही. स्टॉप लिव्हर ओढावा, तोही अडकला असेल तर फळीने हवा बंद करावी. फडकं किंवा हात कधीही लावू नये, इंजिन ते आत ओढतं. सुरू करण्याआधी पंपाचा लिव्हर हाताने हलवून तो मोकळा परत येतो का पाहिलं, तर हा प्रसंग बहुधा येत नाही.

एवढं केल्यावर गॅरेजवाला म्हणाला की "फुल इंजिन काम आहे", तर त्याला कॉम्प्रेशन मोजून दाखवायला सांगावं. गेज डिझेलचा हवा. पेट्रोलच्या गेजचा काटाच एवढ्या वर जात नाही. या घराण्याचं निरोगी इंजिन गरम असताना २२ ते २४ बार दाखवतं, १५ च्या खाली काम काढावंच लागतं, आणि चारही सिलिंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा. यातही एक मेख आहे. उभ्या इंजिनाचं पहिलं मोजमाप नेहमी कमी येतं, कारण रिंगा चिकटलेल्या असतात आणि व्हॉल्वच्या बैठकीवर गंज असतो. तासभर चालवून परत मोजलं तर आकडा बरेचदा वर येतो. पहिला आकडा दाखवून घाईने हेड उतरवणारा एकतर अडाणी आहे किंवा हुशार.

हेड उतरलं की गाडी त्याच्या अंगणात अडकली, आता बिल तो ठरवणार. नेहमीचे प्रकार सांगायचे तर : बिलात लायनर-पिस्टनचा सेट, आत फक्त रिंगा. बिलात नव्या बेअरिंगा, आत जुन्याच पुसून बसवलेल्या. बिलात पंप कॅलिब्रेशन, प्रत्यक्षात पंपाला चंदेरी रंग. सगळ्यांत महाग पडतो तो पंपाचा बदला. तुमचा चांगला मूळ पंप दुसऱ्याच्या गाडीला जातो आणि तुमच्या गाडीला झिजलेला येतो. तो चालतोही, फक्त घाटात दम टाकतो आणि काळा धूर सोडतो, म्हणून लवकर कळत नाही. गाडी सोडण्याआधी पंपावरच्या पट्टीचा नंबर, डिझेल फवारणाऱ्या नोझलवरचे नंबर, अल्टरनेटर आणि सेल्फ यांचे जवळून फोटो घ्यावेत. पंपाच्या दोन नटांवर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. ठिपका तुटला तर नट फिरला. कॅलिब्रेशन झालं असेल तर टेस्ट बेंचचा कागद मागावा, त्यावर कुठल्या वेगाला कुठल्या सिलिंडरला किती डिझेल गेलं ते लिहिलेलं असतं. नोझल मूळ मर्सिडीज मापाने ११५ ते १२५ बारला उघडायला हवा, तोही आकडा कागदावर हवा. आणि काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवावं : काढलेला प्रत्येक पार्ट गोणीत भरून गाडीत ठेवायचा. बेअरिंगच्या पाठीवर माप कोरलेलं असतं. नव्या बेअरिंगच्या डब्यावरचं माप त्याच्याशी ताडून पाहता येतं. "भंगारवाला घेऊन गेला" हे उत्तर मान्य करू नये.

ब्रेकबद्दल थोडक्यात. "ब्रेक लागत नाहीत म्हणून रस्त्यावर काढता येणार नाही" हे विकणाऱ्याचं आवडतं कारण, कारण त्यामुळे चाचणी टळते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ अंशांच्या आसपास. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी होज बदलायचे असा हिशोब किमतीत धरूनच सौदा करावा. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतके जुने टायर घेऊन घाट उतरू नये.

मागच्या खोलीतली फसवणूक सनमायकाने झाकलेली असते. छत गळतं, प्लाय फुगतं, मग त्यावर नवा सनमायका आणि कडांना ताजं सिलिकॉन. जुन्या गाडीत एकच कोपरा चकचकीत असेल तर अंगठ्याने दाबून पाहावा. छताच्या शिवणीवर पाइपने वीस मिनिटं पाणी सोडून आत टॉर्च मारावा. पावसाळ्यात गाडी बघायला जाणं गैरसोयीचं असलं तरी त्याहून चांगली तपासणी नाही. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मात्र पॅनेल उघडल्याशिवाय दिसत नाहीत. लेंड्या दिसल्या तर वायरिंग नवं धरावं.

कागद. "पेपर क्लिअर आहेत" या वाक्याला काही अर्थ नसतो. पुष्कळ कॅम्पर मुळात पिवळ्या पाटीची १७ सीटची प्रवासी गाडी असते. सीट काढून पलंग टाकलेले, पण आरसीवर अजून बस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने आरसीवर चढावा लागतो, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते नसेल तर फिटनेसला गाडी अडते आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. व्यावसायिक नोंदणी असेल तर गाडी उभी असतानाचा करही चढत राहतो, बंद ठेवत असल्याचं आधी आरटीओला कळवलं असेल तरच तो टळतो. सहा वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येते. म्हणून वाहन पोर्टलवर कर कधीपर्यंत भरला आहे, कर्जाचा बोजा आहे का, ई-चलनं किती हे स्वतः पाहावं, दलालाच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नये. बोजा उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, मूळ मालक वारला असेल तर वारसाकडून फॉर्म ३१. कोऱ्या २९-३० वर जुनी सही असलेली फाइल घेऊन फिरणारा दलाल दाखवेल तो माणूस मालक आहे की नाही, हे त्या सहीवरून कळत नाही. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी बघावा. चॅसिस नंबर घासून ताजा काळा रंग दिला असेल तर पुढची कुठलीच चौकशी करायची गरज नाही.

पैसे, अगदी टोकनसुद्धा, रोख देऊ नयेत. पावतीवर चॅसिस नंबर, इंजिन नंबर, "स्वतःच्या टाकीतल्या डिझेलवर गार इंजिन सुरू करून दाखवले" आणि "आरटीओत नाव चढले नाही तर टोकन परत" ही वाक्यं लिहून सही घ्यावी. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध किंवा गॅरेजविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तिथे हीच पावती, फोटो व गोणीतले पार्ट कामी येतात. घरगुती विक्रेत्याविरुद्ध हा रस्ता सहसा मिळत नाही. तिथे पोलिसांत तक्रार किंवा दिवाणी दावा, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. गाडी न दाखवता ऑनलाइन टोकन मागून पळालेल्याची तक्रार १९३० वर त्याच तासात करावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.